ज्येष्ठांची चावण्याची क्षमता मोबाइलवर तपासताय? या चुका टाळा

दाढा गेल्या की ज्वारीची भाकरी आधी दुधात नाहीतर वरणात कुस्करली जाते. मग शेंगदाणे, काकडी, हुरडा एकेक करून बंद होतात आणि घरचे म्हणतात, ‘वय झालं, जेवण तुटलं.’ पुष्कळदा भूक असते, चावणं होत नसतं. हे वेळीच ओळखायला आता कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत मिळते. दोन रंगांचं च्युइंगम ठरावीक वेळा, बहुधा २० वेळा, चावायला देतात. मग ते पारदर्शक पिशवीत १ मिलिमीटर जाडीचं दाबून दोन्ही बाजूंचे फोटो काढतात. रंग किती एकजीव झाले हे संगणक मोजतो. गावोगावच्या शिबिरांत गडबड होते ती बहुतेक फोटोच्या आधी किंवा फोटो काढताना.

सगळ्यात मोठी चूक उजेडाची. समाजमंदिरातल्या पिवळ्या बल्बखाली निळा रंग हिरवट दिसतो, बाहेर ओट्यावर तोच वेगळा, आणि एकाच गोळ्याचे दोन निकाल येतात. सगळ्यांचे फोटो एकाच जागी, एकाच मोबाइलवर, पांढऱ्या कागदावर ठेवून काढा. फ्लॅश आणि फिल्टर बंद ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जातो आणि बारकावे जातात.

मिश्री लावलेली किंवा तंबाखूचा बार भरलेला असेल तर आधी खळखळून चूळ भरायला सांगा. त्या रंगाने गम डागाळतो. तोंडात तीन बोटं उभी शिरत नसतील तर चाचणी राहू द्या, आधी दंतवैद्यांना दाखवा. सुपारी-गुटख्याने तोंड आखडणं ही कर्करोगाआधीची अवस्था असू शकते. पाणी पिताना ठसका लागणाऱ्यांना किंवा लकवा होऊन गेलेल्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय गम देऊच नका.

कवळी घरी डबीत ठेवून आलेल्या आजींचा निकाल कवळीचा म्हणून लिहिला जातो. त्या रोज कशा जेवतात ते विचारा, तशीच चाचणी घ्या आणि तसं नोंदवा. नवी कवळी बसवून थोडेच दिवस झाले असतील तर काही आठवडे थांबा. गम कवळीला चिकटतो, म्हणून न चिकटणारा वापरा.

व्हिडिओवरून जबड्याच्या हालचाली मोजणारी पद्धत असेल तर पदर हनुवटीवरून खाली घ्यायला आदराने सांगा. हनुवटी झाकली की मोजणी फसते. मधेच ‘चव गोडय बाई’ असं बोललेलंही चावण्यात धरलं जाऊ शकतं.

आता निकालाबद्दल. गम कालवता येणं आणि कडक भाकरी मोडता येणं या दोन गोष्टी आहेत. म्हणून भाकरी, भाजलेले शेंगदाणे, पेरू खाता येतात का आणि वजन उतरलंय का, हे विचारल्याशिवाय मी तरी कुणाचा निकाल ग्राह्य धरणार नाही. जपानमध्ये २०१८ पासून तोंडाचं कार्य मंदावल्याचं निदान आरोग्य विम्यात धरलं जातं. तिथेही जिभेवरची घाण, कोरडेपणा, चावण्याचा जोर, ओठ-जिभेची चपळाई, जिभेचा दाब, चर्वण आणि गिळणं अशा सात गोष्टी पाहतात. त्यातल्या किमान तीन बिघडलेल्या असल्या तरच निदान होतं.

गुण कमी आले म्हणून पुढच्या शिबिरात पुन्हा तीच चाचणी घेत बसू नका. जवळच्या दंतवैद्यांकडे किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवा. चिठ्ठीवर नुसता आकडा न लिहिता कवळी होती का आणि काय खाता येत नाही, तेही लिहा.