व्हायरस गेला, जाताना नेटही घेऊन गेला

देवगडला काकांच्या कॉम्प्युटरवर कुणीतरी फुकटचा व्हिडिओ प्लेअर उतरवला आणि ब्राउझर उघडला की जाहिरातींचा सडा पडू लागला. विंडोज १० मधल्या डिफेंडर या अँटिव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन लावलं. यात विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेलंही सापडतं. सापडलं, काढलं. आणि नेट बंद!

"केबल तुटली आसतली रे," काका म्हणाले. पावसाळ्यात आमच्याकडे पहिला संशय तिथंच. पण त्याच वायफायवर मोबाइल मजेत चालत होता. कमांड प्रॉम्प्टमधून ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंग केलं, म्हणजे हाक मारून पाहिली, तर उत्तरही आलं. म्हणजे लाइन शाबूत, अडलाय तो ब्राउझर.

गोम प्रॉक्सीत, म्हणजे ब्राउझर आणि नेट यांच्यामधल्या मध्यस्थात होती. मालवेअरने ब्राउझरची सगळी ये-जा १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच कॉम्प्युटरवरच्या स्वतःच्या प्रोग्रॅमकडे वळवलेली. प्रोग्रॅम गेला, सेटिंग राहिली. सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग प्रॉक्सी, तिथे 'यूज अ प्रॉक्सी सर्व्हर' बंद केलं आणि पानं उघडली. वर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून 'नेटश विन्सॉक रिसेट' ही विंडोजच्या नेट-जोडणीची सेटिंग मूळपदावर आणणारी कमांड चालवून रीस्टार्ट केलं. बहुधा गरज नव्हती, पण असल्या पाहुण्यांचा भरवसा नाही. बँकेचा पासवर्ड मात्र काकांच्या मोबाइलवरूनच बदलून घेतला.