लांब टेपर शाफ्टवरचं चॅटरिंग: खुणा वाचा, मग टूलला हात लावा

ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईच्या रबाळे-महापेपर्यंत जॉबवर्कच्या गाळ्यांत लेथवर लांब, बारीक टेपरचा (एका टोकाकडे निमुळता होत जाणारा) जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, आला की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) कमी कर.’ कधी लागू पडतो, कधी नाही. जॉब ओरडतो, म्हणजे कापताना थरथरतो (चॅटरिंग), तो कशामुळे ते आधी कळलं, तर अर्धा दिवस वाचतो.

हिशेबाला एक जॉब धरू. ईएन८ (मध्यम कार्बनचं पोलाद), एकूण लांबी ६४० मिमी. त्यात ६०० मिमी टेपर, २५ वरून १८ मिमीवर उतरणारा. उरलेले ४० मिमी चकमध्ये (जॉब पकडून फिरवणाऱ्या भागात), बारीक टोक टेलस्टॉककडे (समोरून आधार देणाऱ्या भागाकडे). कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातावर चालतो. म्हणजे १८ मिमीची सळई २५ मिमीच्या सळईपेक्षा पावणेचार पट लवचिक. त्यामुळे जाड भागावर गपगुमान चालणारा कट पुढे मधोमध गाणं म्हणायला लागतो.

खुणा मोजा. जॉब थांबवून टॉर्च आडवी धरा. पट्टे दिसतील. परिघावर किती आहेत ते मोजा आणि त्या आकड्याला आरपीएमने गुणून ६० ने भागा. ५०० आरपीएमवर ३६ पट्टे असतील तर कंपन ३०० हर्ट्झ. आता आरपीएम बदलून पुन्हा कट घ्या. सूर साधारण तोच राहिला आणि पट्ट्यांची संख्या बदलली, तर जॉब किंवा टूल स्वतःच्या सुरात थरथरतंय. सूर आरपीएमबरोबर वर-खाली झाला आणि पट्टे तेवढेच राहिले, तर बेल्ट, गिअर किंवा स्पिंडल बेअरिंगकडे बघा. तिथे टूल बदलून काही होणार नाही.

खऱ्या चॅटरमध्ये टूल मागच्या फेरीत उठलेली लाटच पुन्हा कापत असतं. म्हणून आरपीएम १०-२० टक्के वर किंवा खाली केला की ताल चुकतो आणि आवाज बसतो. कमीच करायला पाहिजे असं काही नाही. फीड (दर फेरीला टूल पुढे सरकतं ते अंतर) मात्र फार बारीक ठेवू नका. ०.०५ वर टूल कापण्याऐवजी घासतं. ०.१ ते ०.१५ मिमी प्रति फेरी बरी.

टूल. जॉबला बाजूला ढकलणारा जोर कमी करायचाय. जॉबच्या लांबीशी धार ४५ अंशांत असलेलं टूल काढून ९०-९५ अंशांचं लावा, म्हणजे जोर जॉबच्या लांबीच्या दिशेने जातो. दुसरी गोष्ट बरेच जण विसरतात: कट नोज रेडियसपेक्षा (टूलच्या टोकाच्या गोलाईपेक्षा) खोल हवा. ०.८ च्या नोजने ०.३ चा कट घेतला तर सगळा जोर आडवा पडतो. रफिंगला (ढोबळ कटांना) ०.४ नोजचा डीसीएमटी ११टी३०४ इन्सर्ट, फिनिशला ०.२ नोजचा धारदार डीसीजीटी ११टी३०२. टूलचं टोक जॉबच्या मध्याच्या उंचीवर, शँक (टूलचा दांडा) जितकी उंच तितकंच किंवा फार तर दीडपट बाहेर. कंपाउंड स्लाइड (टूलखालची, कोनात फिरणारी स्लाइड) लॉक, जिब (स्लाइडची ढिलाई काढणारी पट्टी) घट्ट. टेलस्टॉकचा क्विल (पुढे-मागे सरकणारा दांडा) जितका आत ठेवता येईल तितका आत.

टेपर कसा द्यायचा. कंपाउंड स्लाइडचा प्रवास ६०० मिमीला पुरत नाही. टेलस्टॉक सरकवायचा तर ६४० × ७ ÷ १२०० = ३.७३ मिमी (७ म्हणजे २५ आणि १८ मधला फरक, १२०० म्हणजे टेपरच्या लांबीची दुप्पट). पण मग जॉब दोन सेंटरमध्ये (टोकदार आधारांत) कॅरिअरवर (जॉबला बांधून फिरवणाऱ्या क्लॅम्पवर) चालवावा लागतो. चकची पकड जाते आणि जॉब आणखी मोकळा होतो. टेपर अटॅचमेंट (टूलला तिरकं नेणारी जोड) असेल तर तीच वापरा, चक आणि सेंटर दोन्ही राहतात. तिच्यात ढिलाई असते, म्हणून प्रत्येक कट जॉबच्या १५-२० मिमी आधीपासून सुरू करा. नाहीतर सुरुवातीचा तुकडा सरळ निघतो.

खरी अडचण स्टेडीची, म्हणजे जॉबला मधे आधार देणाऱ्या जबड्यांची. ट्रॅव्हलिंग स्टेडी सॅडलवर (टूल घेऊन सरकणाऱ्या भागावर) बसते, तिचे जबडे एकाच व्यासाला लावलेले. टेपरवर व्यास बदलत गेला की जबडे सुटतात किंवा रुततात. म्हणून रफिंग सरळ पायऱ्यांत करा. २८ च्या बारवरून आधी पूर्ण लांबी २५.६. मग बारीक टोकाकडून ४८० मिमीपर्यंत २४.२, ३६० पर्यंत २२.८, २४० पर्यंत २१.४ आणि १२० पर्यंत २०.०. प्रत्येक पायरी सरळ असल्यामुळे ट्रॅव्हलिंग स्टेडी नीट धरते. दर पायरीला जबडे नव्याने लावा, ग्रीस द्या.

फिनिशला ट्रॅव्हलिंग स्टेडी काढावी लागते आणि मधोमध जॉब उघडा पडतो. त्यावर उपाय: २२.८ च्या पायरीवर मध्यभागी २० मिमीचा पट्टा तसाच ठेवा आणि त्यावर फिक्स स्टेडी (एका जागी पक्की राहणारी) बसवा. आधी टेलस्टॉककडचा भाग पुरा करा. सॅडल स्टेडीच्या पलीकडे जात नाही, म्हणून स्टेडी काढून सॅडल चककडे घ्या. स्टेडी परत बसवताना जॉबवर डायल गेज लावून जबडे सारखे करा, मग उरलेला भाग. पट्टा सगळ्यात शेवटी, स्टेडीशिवाय, हलक्या कटांनी. पायऱ्यांमुळे माल कुठे बाजूला १ मिमी, कुठे ०.३ असतो. एकाच कटात तो ओढू नका. तीन कट घ्या, शेवटचा ०.३ चा.

गरम झालेला जॉब. हे फार कमी जण तपासतात. ३० अंश तापला तर ६०० मिमीचा जॉब सुमारे ०.२ मिमी लांबतो. दोन्ही बाजूंनी अडकलेला असल्यामुळे मधे वाकतो. पहिल्या कटात गप्प असलेला जॉब तिसऱ्यात ओरडायला लागला, तर टूलवर शंका घेण्याआधी टेलस्टॉक ढिला करून पुन्हा बेताने लावा. कूलंट सतत सोडा, थांबून-थांबून नको.

कळंबोलीच्या पोलाद बाजारातून आणलेला ब्राइट बार (थंड ओढून केलेली चकचकीत सळई) असेल तर वरची साल निघताच तो वाकतो, कारण ओढकामाचा ताण आत असतो. रफिंगनंतर ५५०-६०० अंशांवर स्ट्रेस रिलीव्ह करून (तापवून आतला ताण काढून) मगच फिनिश करा.

तरीही किणकिण राहिली, तर टूलच्या समोर, सॅडलला पक्क्या बांधलेल्या स्प्रिंगवर सागवानाचा ठोकळा जॉबला हलका टेकवा. लाकूड कंप पितं. स्प्रिंग जास्त दाबली तर जॉब टूलवर ढकलला जाऊन व्यास कमी निघेल. ठोकळा हाताने धरू नका, फिरत्या जॉबवर फडकं तर मुळीच नाही. जॉब पोकळ असेल तर घंटेसारखा वाजतो. टोकाला घट्ट रबरी बूच मारलं तरी आवाज कमी होतो.