कवटीच्या तळाची गाठ: सर्जनना भेटण्याआधीची तयारी

सोलापूर-साताऱ्याहून पहाटेची एसटी धरून स्वारगेटला उतरणार असाल, तर निघतानाच पिशवी तपासा. एमआरआयचा नुसता रिपोर्ट पुरत नाही. सीडी हवीच, कारण गाठ कुठल्या नसेला (मज्जातंतूला) कुठून रेटतेय हे सर्जनना स्वतः बघायचं असतं. एमआरआय कॉन्ट्रास्टचा, म्हणजे शिरेतून औषध देऊन काढलेला हवा. तो व्हायचा असेल तर क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट जवळ ठेवा, नाहीतर सेंटरवाले आधी रक्त द्यायला पाठवतील. हाडासाठी सीटी वेगळा लागतो. ऑपरेशन नाकातून करायचं असेल तर वाटेत दोन्ही बाजूंना मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात आणि त्यांच्यावरचं हाड कुठे पातळ आहे, ते सीटीत कळतं.

गाठ पिट्युटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या, हार्मोन्स बनवणाऱ्या ग्रंथीची) असेल तर हार्मोन्सच्या तपासण्या झाल्याशिवाय ऑपरेशनची तारीख मागूच नका. प्रोलॅक्टिन हे हार्मोन बनवणारी गाठ निघाली तर बहुतेकदा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच ती आक्रसते. नजरेची पेरिमेट्री, म्हणजे कडेचं किती दिसतं याची तपासणीही करून घ्या.

कानाच्या नसेवरची गाठ असेल तर ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून न्या. त्यात शब्द किती कळतात, तो आकडा महत्त्वाचा. ऐकू येत असेल तर कानामागून, किंवा गाठ अगदी लहान असेल तर कानाच्या वरून जाऊन ऐकणं वाचवायचा प्रयत्न होतो. ऐकणं गेलंच असेल तर आतल्या कानातून वाट काढतात. त्या वाटेने मेंदू कमी बाजूला सारावा लागतो. लहान गाठीला नुसतं लक्ष ठेवणं किंवा गामा नाइफ (चिरफाड न करता किरणांनी उपचार) चालेल का, हेही विचारा.

एक सर्जन नाकातून म्हणाले आणि दुसरे कवटी उघडून, तर दोघांनाही एकच प्रश्न करा: ‘डॉक्टर, तुमच्या वाटेत गाठीच्या आधी कोणती नस येते?’ नस ओलांडावी लागू नये, यासाठीच तर वाट निवडायची. डोळ्याची नस गाठीच्या वर असेल तर खालून, नाकातून जाणं सोयीचं. गाठ नसेच्या बाहेरच्या अंगाला पसरली असेल तर नाकाचा हट्ट नको. बाहेर टाका दिसत नाही म्हणून ऑपरेशन छोटं, असं तर मुळीच नाही. मेंदूचं पाणी नाकातून गळू नये म्हणून कवटीच्या तळाला पडलेलं भोक कशाने बुजवणार आणि कान-नाक-घसावाले सोबत असणार का, हे विचाराच.

रक्त पातळ करायच्या गोळ्यांची पाकिटं दाखवा. मनाने बंद करू नका. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी ऑपरेशनचं नाव कागदावर लिहून घ्या आणि रेशनकार्ड, आधार घेऊन आरोग्यमित्राला (हॉस्पिटलात योजनेसाठी मदत करणाऱ्याला) गाठा.