गालावरच्या लाल रेषा आधी काचेने दाबून बघा

नाकाच्या कडेला, गालावर बारीक लाल रेषा दिसतात? पारदर्शक काचेच्या ग्लासने तिथे हलकेच दाबा. लाली जाऊन ग्लास उचलताच परत आली, तर त्या रुंदावलेल्या केशवाहिन्या. ‘फुटलेल्या’ म्हणतात, पण रक्त त्यांच्या आतच वाहत असतं. दाबूनही लाली हलली नाही, तर रक्त त्वचेखाली झिरपलेलं असू शकतं, डॉक्टरांना दाखवा.

ऊन, वय, रोझेशिया (चेहरा वारंवार लाल होण्याचा त्वचाविकार) ही नेहमीची कारणं. पण आपल्याकडे गोरेपणासाठी मेडिकलमधून आणलेली ट्यूब महिनोन्‌महिने चेहऱ्याला चोळली जाते, त्याची मला जास्त काळजी वाटते. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही छापलंय का वाचाच. ही स्टेरॉइड्स त्वचा पातळ करतात. मात्र एकदम थांबवल्यास चेहरा लाल होऊन आग होते, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच सोडा.

क्रीमने या रेषा पुसल्या जात नाहीत, लेझरने जातात; बहुधा एकाहून जास्त वेळा बसावं लागतं. सावळ्या त्वचेवर डाग पडण्याचा धोका असतो. १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या एनडी-याग लेझरचा प्रकाश मेलॅनिनमध्ये (त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्यात) कमी शोषला जातो, म्हणून तो चालेल का हे आवर्जून विचारा. सनस्क्रीन रोज हवंच.

छातीवर, भोवती कोळ्याच्या पायांसारख्या बारीक रेषा असलेले बरेच लाल ठिपके अचानक उठले, तर यकृताची तपासणी करून घ्या.