ठुशी, पोत, बोरमाळ: घेताना, ओवताना आणि सांभाळताना

लग्नसराई आली की सांगलीच्या सराफ कट्ट्यावर काय आणि साताऱ्यात मोती चौकात काय, गर्दीतल्या सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, आज भाव काय. भाव विचारायचाच, पण गळ्यातलं घेताना त्याच्या आधी दोन गोष्टी विचारा असं माझं अगदी ठाम म्हणणं आहे: मण्याच्या आत काय भरलंय आणि हे सगळं कशात ओवलंय. साधं वळं किंवा अंगठी म्हणजे नुसता धातू, वजन केलं की झालं. गळ्यातल्या पारंपरिक दागिन्यात सोनं असतं, लाख असते, दोरा असतो, मधे मोती नाहीतर खडे असतात, पैसे आपण द्यायचे ते फक्त सोन्याचे आणि खराब होतो तो बहुतेक वेळा दोरा.

बोरमाळ, मोहनमाळ, कोल्हापुरी साज यांचे मणी सहसा पातळ पत्र्याचे, आतून पोकळ, आणि दाबले जाऊ नयेत म्हणून आत लाख भरलेली असते. यात फसवणूक काही नाही, पद्धतच ती आहे, कमी सोन्यात भरदार दागिना हवा तर असंच करावं लागतं. फक्त लाखेला सोन्याचा भाव लागता कामा नये. त्यासाठी बिलावर ग्रॉस वजन, त्यातून लाख, दोरा, मोती, खडे यांची वजावट आणि मग नेट वजन असं वेगवेगळं लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं चालत नाही. समजा गणिताला सोपं म्हणून भाव ग्रॅमला १०,००० धरला आणि बोरमाळ काट्यावर १५ ग्रॅम भरली, त्यात लाख आणि दोरा ३ ग्रॅम, म्हणजे सोनं १२ ग्रॅम, १,२०,००० रुपये. तेच १५ ग्रॅमवर लावलं तर १,५०,००० होतात, म्हणजे ३०,००० रुपये नुसत्या लाखेचे आणि दोऱ्याचे गेले की. आता १२ ग्रॅमच्या किमतीवर घडणावळ, म्हणजे दागिना घडवायची मजुरी, समजा १२ टक्के, म्हणजे १४,४००, झाले १,३४,४००, त्यावर ३ टक्के जीएसटी ४,०३२, एकूण १,३८,४३२. हा हिशोब दुकानातच मोबाईलवर करून बघा, चांगला सराफ स्वतःच कागदावर मांडून दाखवतो आणि घाई करत नाही.

भाव विचारताना २२ कॅरेटचा विचारा, कारण बातमीत किंवा ग्रुपवर जो भाव फिरतो तो बऱ्याचदा २४ कॅरेटचा असतो आणि मग दुकानात गेल्यावर गोंधळ होतो. घासाघीस करायची ती घडणावळीवर करा, भाव रोजचा ठरलेला असतो, त्यात कुणी फार काही सोडत नाही. ठुशीची, साजाची मजुरी मशीनच्या चेनपेक्षा जास्त असते आणि ती असायलाच पाहिजे, एकेक मणी हातानं बसवलेला असतो, त्या कारागिराच्या कामाला पैसे पडणारच. पण टक्क्यात सांगतायत का ग्रॅमला इतके रुपये सांगतायत ते नीट विचारा, आणि मजुरीशिवाय घट, म्हणजे घडवताना वाया गेलेलं सोनं, म्हणून आणखी काही लावलंय का तेही. अजून एक, आजीच्या तोंडी जो तोळा असतो तो जुना, ११.६६ ग्रॅमचा, आणि दुकानात आता तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात, त्यामुळं "आजीची पाच तोळ्यांची होती तशीच करा" असं म्हणालात तर आजीची होती ५८ ग्रॅमची आणि तुमची होणार ५० ग्रॅमची.

हॉलमार्कचं आता सोपं झालंय. बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, त्रिकोणी शिक्का, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०) आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी (त्या दागिन्याचा स्वतःचा नंबर), या तीन खुणा बघायच्या. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना एचयूआयडीशिवाय विकता येत नाही, दोन ग्रॅमच्या आतल्या बारीक वस्तूंना मात्र सूट आहे. गळ्यातल्यावर हा शिक्का आकड्याजवळच्या पट्टीवर नाहीतर पदकाच्या मागं असतो, इतका बारीक की भिंग मागूनच बघा. मग बीआयएस केअर ॲप उघडून नंबर टाका, त्यात सराफाची नोंद, हॉलमार्क केंद्र, शुद्धता आणि वस्तूचा प्रकारही येतो. हातात ठुशी आहे आणि ॲपमधे अंगठी दिसतेय असं झालं तर तिथंच थांबा. नियमाप्रमाणं शुद्धता कमी निघाली तर जेवढी तूट असेल तिच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागता येतो, पण त्याला पक्कं बिल लागतं. सांगलीत सराफी आजची नाही, गाडगीळांची पेढी इथंच १८३२ साली सुरू झाली, तेव्हा पिढ्यान् पिढ्या एकाच दुकानात जाणारी घरं इथं भरपूर आहेत, आणि ओळखीत बिल कशाला मागायचं असा संकोच असतो. संकोच करू नका, ओळख आपल्या जागी आणि बिल आपल्या जागी.

आता ठुशी हातात घेतली की ती उलटी करा, पुढून सगळ्याच छान दिसतात. मागून दोरा दिसतोय का तार ते बघा. दोऱ्यावरची ठुशी मऊ असते, गळ्याच्या वळणावर बसते, पण घामानं दोरा कुजतो आणि काही वर्षांनी परत गाठवून घ्यावी लागते. तारेवरची टिकते जास्त पण ती दुमडून डबीत कोंबली की तार मोडते आणि मग ती जागा कायम उभी राहते. मणी दोन बोटांत धरून हळूच फिरवा, एका मण्यापासून दुसऱ्यापर्यंत फट पडत असेल तर ओवण सैल आहे. बोरमाळेचे मणी बोटानं अगदी हलके दाबून बघा, पत्रा आत जातोय असं वाटलं तर तो फारच पातळ आहे, रोज घालायला घेऊ नका. आणि मागचा गोंडा ओढून बघा, सरकगाठ अडकत अडकत सरकली पाहिजे, सुळ्ळकन सरकत असेल तर गाडीवर मागं बसल्यावर कधी सुटेल सांगता येत नाही.

मोती घेत असाल तर दाताच्या कडेवर हलकेच घासून बघायची जुनी युक्ती खरी आहे, खरा मोती किंचित खरखरीत लागतो, काचेचा किंवा प्लास्टिकचा गुळगुळीत. दोन मोत्यांमधे गाठ मारलेली असेल तर फारच उत्तम, एक तर मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दुसरं म्हणजे दोरा तुटला तरी सगळे मोती भर कार्यालयात घरंगळत जात नाहीत.

वन ग्रॅमबद्दल थोडक्यात, ते तांबं-पितळ आणि वर सोन्याचा मुलामा, मोड म्हणजे परत विकताना किंमत काही येत नाही, पण प्रवासात, जत्रेत, हळदी-कुंकवाला मनासारखं घालता येतं, त्यामुळं मी त्याला नावं ठेवणार नाही. गेरू पॉलिशचं घेतलं तर जुन्या सोन्याच्या जवळ जातं.

आता काळ्या मण्यांची पोत घरी ओवायची असेल तर ते अवघड नाही, पण घाईत होत नाही. आधी साधं सूत गळ्याला लावून हवी ती उंची मोजा. दोन मिमीचे मणी आणि १८ इंचाची पोत धरली तर एका पदराला साधारण २३० मणी लागतात, दोन पदरी करायची तर ५०० आणा, कारण काही मण्यांची भोकं बुजलेली निघतातच. जाड नायलॉनचा नाहीतर पॉलिस्टरचा दोरा घ्या, उंचीच्या दुपटीनं कापा आणि त्यावर मेणाचा तुकडा दोनदा ओढा, म्हणजे तो फुगत नाही आणि सुई सरळ जाते. ताटात पांढरा रुमाल पसरून त्यावर मणी ओता, ते पळत नाहीत आणि वाकडेतिकडे तिथंच निवडता येतात, कडेला धार असलेला मणी बाजूला टाकाच, तोच नंतर दोरा कापतो. मधोमध वाट्या आणि सोन्याचे मणी घेऊन दोन्ही बाजूंना सारखं ओवत जा, एका टोकाकडून ओवत आलात तर शेवटी मध्य चुकतो. दोन्ही पदर झाले की लगेच गाठ मारू नका, पोत रात्रभर खिळ्याला टांगून ठेवा, खाली एखादी किल्ली अडकवली तरी चालेल. दोरा जेवढा ताणायचा तेवढा ताणला जातो, मग सकाळी एका मण्याची ढील ठेवून गाठ मारा. ढील ठेवली नाही तर पोत काठीसारखी ताठ राहते आणि गळ्यावर बसत नाही. गाठीला दोनदा पीळ देऊन मारा आणि वर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब लावा, फेविक्विक लावू नका, त्यानं दोरा कडक होऊन गाठीच्या शेजारीच तुटतो. गियर वायर (दोऱ्याऐवजी वापरतात ती बारीक तार) वापरणार असाल तर टोकाला गियर लॉक (तार पकडून ठेवणारा छोटा धातूचा मणी) पक्कडीनं चपटं करायचं, तिथं गाठ चालत नाही. सोन्याच्या ठुशीचं किंवा मोत्यांचं मात्र घरी करू नका, ते पाटवेकऱ्याकडंच, म्हणजे दागिने ओवून गाठवून देणाऱ्याकडंच, द्या, देताना मणी मोजून आणि वजन लिहून द्या आणि शक्य असेल तर समोर बसून गाठवून घ्या.

सांभाळायचं म्हणाल तर अत्तर, पावडर, केसांचा स्प्रे सगळं झाल्यावर शेवटी दागिना घालायचा आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी तो काढायचा, मोत्यांना तर हे पाळलंच पाहिजे. मऊ सुती कापडानं घाम पुसा, मग डबीत. नुसत्या सोन्याच्या चेनला कोमट पाण्यात भिजवलेल्या रिठ्याचा फेस आणि मऊ ब्रश बास होतो. टूथपेस्टनं घासायचं सगळीकडं सांगतात पण तिच्यात घासणारी पूड असते, बारीक चरे पडतात आणि झळाळी जाते. लाख भरलेल्या दागिन्याला गरम पाणी अजिबात नको, लाख उष्णतेनं मऊ होते, भोकातून बाहेर येते आणि मग मणी रिकामा राहून चेपतो, तो फक्त ओलसर कापडानं पुसा आणि पंख्याखाली पूर्ण वाळवा. चुलीपुढं, गॅसपुढं तासन् तास उभं राहायचं असेल तर बोरमाळ काढूनच ठेवा. आपल्याकडं हळदीचं काम घरोघरी, तिचा डाग दोऱ्यात आणि मोत्यात एकदा मुरला की जात नाही.

तासगाव, पलूसकडच्या बायकांसाठी खास सांगते: द्राक्षबागेत भुरी रोगासाठी गंधक मारतात, बेदाण्यालाही गंधकाची धुरी देतात, आणि चांदीचं नि गंधकाचं हाडवैर आहे, चार दिवसांत चांदीची माळ काळी पडते. ती चांदी खोटी नसते, सराफाशी भांडायला जाऊ नका, कामाला जाताना चांदी घरी ठेवा आणि हवाबंद झिपच्या पिशवीत ठेवा. रबर बँड लावून तर ठेवूच नका, त्यातही गंधक असतं. काळी पडलेली साधी चांदी ॲल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा आणि गरम पाण्यात ठेवली की उजळते, पण ऑक्सिडाइज्ड माळ त्यात टाकली तर मुद्दाम दिलेला काळेपणाही निघून जातो.

प्रत्येक माळ वेगळ्या पिशवीत आणि आडवी ठेवा. मोत्याची माळ खुंटीला टांगली की दोरा लांबतो आणि मधे फट दिसायला लागते. दिवाळीच्या आधी एकदा सगळ्यांचे गोंडे, आकडे, कड्या तपासा आणि बिलासकट फोटो काढून ठेवा.

मोड द्यायची वेळ आली तर मोती, खडे आधी काढून घ्या, कॅरेट मीटरवर (सोन्याची शुद्धता मोजणाऱ्या यंत्रावर) तुमच्या समोर तपासायला सांगा, आणि लाखेचा दागिना असेल तर गाळून निघालेलं वजन बघा, नुसत्या अंदाजानं वजावट मान्य करू नका. गाळण्याच्या कामात तर आपलीच माणसं देशभर पसरलीयत, विटा, खानापूर, आटपाडीचे गलाईवाले कुठल्या कुठल्या शहरात बसलेत, तेव्हा "समोर गाळून द्या" म्हणायला या भागातल्या माणसानं तरी लाजायचं कारण नाही.