रिपोर्टात ‘ईएसबीएल’ आलं, पण तब्येत ठणठणीत: आता काय करायचं?

बाबांच्या चेकअपमध्ये लघवीचं कल्चर (लघवीत जंतू वाढतात का, ही तपासणी) केलं. रिपोर्ट आला: ‘ई. कोलाय, ईएसबीएल पॉझिटिव्ह’. म्हणजे ई. कोलाय हे आतड्यात राहणारे जंतू, आणि तेही बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारे. खाली औषधांच्या नावांपुढे ‘आर, आर, आर’ (रेझिस्टंट, म्हणजे ते औषध चालणार नाही) अशी रांग. बाबा मात्र फिरून येऊन निवांत चहा पिताहेत.

१. रिपोर्टाआधी माणसाकडे पाहा. लघवीला जळजळ, सारखी घाई, ताप-थंडी, कुशीत दुखणं, यातलं काही असेल तर आजच डॉक्टर गाठा. काहीच नसेल तर ते नुसतेच बिऱ्हाडाला आलेले जंतू. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली बरीच औषधं निकामी करणारं एन्झाइम, म्हणजेच ईएसबीएल, त्यांच्याजवळ असतं, म्हणून ती ‘आर’ची रांग.

२. ‘डॉक्टर, काहीतरी लिहून द्याच’ हा हट्ट सोडा. हे सगळ्यांत अवघड, कारण रिपोर्टातलं पॉझिटिव्ह आपल्याला बघवत नाही. पण अँटिबायोटिकने पोटातले साधे जंतू मरतात आणि या पाहुण्यांना ऐसपैस जागा मिळते. त्रास नसताना उपचार लागतो तो मुख्यतः गरोदरपणात आणि मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रियांआधी.

३. ‘बाबा बाहेरचं खातात म्हणून झालं’ असं म्हणू नका. नेदरलँड्समधल्या सुमारे २,००० प्रवाशांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. जाताना ज्यांच्या पोटात असे जंतू नव्हते, त्यांतले ३४ टक्के ते घेऊन परतले. दक्षिण आशियातून परतलेल्यांत तर ७५ टक्के. प्रवासात अँटिबायोटिक घेतलेल्यांना धोका जास्त होता. आपण तर इथेच राहतो! दिलासा एवढाच, की वर्षभरानंतर यांतल्या साधारण ११ टक्के लोकांतच ते आढळले. बाकीच्यांचे आपोआप गेले.

४. ताट-वाटी वेगळी करू नका, नातवंडांना दूर ठेवू नका. संडासहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा, बस्स. ‘गेले का?’ म्हणून दर महिन्याला कल्चर करत बसण्यातही अर्थ नाही.

५. रिपोर्टाचा फोटो मात्र फोनमध्ये ठेवा. पुढे ऑपरेशन ठरलं, लघवीचा खरोखरचा संसर्ग झाला किंवा गुदमार्गातून प्रोस्टेटची बायोप्सी करायची झाली, तर तो डॉक्टरांना स्वतःहून दाखवा. त्या बायोप्सीत सुई आतड्याच्या भिंतीतून जाते, त्यामुळे आधी कोणतं अँटिबायोटिक द्यायचं हे या रिपोर्टावरून बदलू शकतं. बाबा विसरतील, फोटो आईच्या फोनमध्येही टाका.