परदेशात सर्व्हिस मॅनेजमेंट शिकायला निघालात? नागपूरकरांनो, या चुका टाळा

दरवर्षी दिवाळी आटोपली की बजाजनगरच्या आमच्या घरी मुलं-मुली यायला लागतात. हातात फाईल, सोबत आई नाहीतर बाबा. कोणी बी.कॉम., कोणी बीबीए, एखादी हॉटेल मॅनेजमेंटवाली. मी स्वीडनला, लुंड विद्यापीठाच्या हेल्सिंगबोर्ग कॅम्पसमध्ये हाच विषय शिकून आले, म्हणून येतात. हुशारीत कोणीच कमी नसतं. गाडी अडते ती त्याच त्या चार ठिकाणी, आणि त्यापायी अख्खं वर्ष वाया जाताना बघून मला खरंच वाईट वाटतं.

नाव वाचून कोर्स निवडणं

'बिझनेस' हा शब्द दिसला की घरच्यांना एमबीए वाटतं, 'सर्व्हिस' दिसला की हॉटेल. हा कोर्स दोन्ही नव्हे. वस्तू गोदामात ठेवता येते, सेवा ठेवता येत नाही. ती ग्राहकाच्या समोर घडते आणि बिघडते तीही त्याच्या समोरच. मग तिचा दर्जा मोजायचा कसा, ती आखायची कशी, बिघडली तर सावरायची कशी, याचा हा अभ्यास आहे. लिन शोस्टॅक यांनी १९८४ मध्ये सर्व्हिस ब्लूप्रिंट, म्हणजे सेवेचा नकाशा, मांडली: ग्राहकाला दिसणारी कामं रेषेच्या वर, न दिसणारी खाली. पॅरासुरामन, झाइटहॅमल आणि बेरी यांनी १९८८ मध्ये सेवेचा दर्जा मोजणारी सर्व्हक्वाल ही २२ विधानांची मोजपट्टी दिली. फिनलंडच्या क्रिस्टियन ग्रोनरूस यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे उत्तर युरोपात या विषयाची स्वतःची परंपरा उभी राहिली.

म्हणून कोर्सचं माहितीपत्रक नव्हे, अभ्यासक्रम उघडा. विषयांची यादी वाचा. फायनान्स हवा असेल आणि यादीत तो एकच पेपर असेल, तर हा कोर्स तुमच्यासाठी नाही. हे अर्जाआधी कळलेलं बरं.

एसओपीत स्वतःलाच वगळणं

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो इथे. गेल्या वर्षी एक मुलगा आला. त्याच्या एसओपीचं, म्हणजे हा कोर्स का शिकायचाय हे सांगणाऱ्या निबंधाचं, पहिलंच वाक्य होतं, 'लहानपणापासून मला व्यवसायाची आवड आहे.' पुढे दोन पानं तेच. बोलता बोलता कळलं, त्याच्या काकांची महाल भागात सावजी खानावळ आहे आणि हा तीन वर्षं रोज संध्याकाळी गल्ल्यावर बसतो. एसओपीत त्याचा एक शब्द नाही! मी विचारलं, गर्दीच्या वेळी नेमकं काय बिघडतं?

म्हणाला, "ताई, रस्सा तयारच असतो, भाकरी मागे पडते. लोक अर्ध्या ताटावर बसून राहतात, मग चिडतात. म्हणून मी टोकन द्यायच्या आधी तव्यावरच्या मावशींना विचारायला लागलो, किती झाल्या म्हणून. मग ताट उशिरा जायचं, पण पूर्ण जायचं. ओरड थांबली."

रेषेच्या वर ताट, रेषेच्या खाली तवा. ब्लूप्रिंट याहून वेगळी नसते. त्याला तेवढंच लिहायला सांगितलं: काय दिसलं, काय बदललं, काय अजून कळत नाही आणि ते या कोर्समधल्या कोणत्या विषयात शिकायचंय. तुमच्याकडेही असं काहीतरी असतं. इतवारीतलं दुकान असेल, धंतोलीतल्या एखाद्या दवाखान्याचा रिसेप्शन काउंटर असेल. एजंटकडून तयार मजकूर घेऊ नका. तोच मजकूर त्याने दहा जणांना दिलेला असतो.

पैसे आहेत, पण चुकीच्या नावावर

"बाबांची एफडी आहे ना!" हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. स्वीडनचा विद्यार्थी परवाना हवा तर राहण्या-खाण्याचे पैसे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हाताशी, त्याच्या खात्यात दिसावे लागतात. वडिलांचं हमीपत्र पुरत नाही. २०२५ मध्ये हा आकडा महिन्याला १०,५८४ स्वीडिश क्रोना होता. फीचा पहिला हप्ता भरल्याशिवाय परवान्याचं काम पुढे सरकत नाही. जर्मनीची रीत वेगळी: तिथे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो ठेवायचे आणि त्याआधी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, मिळवायचं. ब्रिटनसाठी रक्कम सलग २८ दिवस खात्यात राहिली पाहिजे. एका दिवसासाठी खाली गेली तरी अर्ज अडतो.

उपाय एकच. पैसे लवकर विद्यार्थ्याच्या खात्यात वळवा आणि कुठून आले याचे कागद जपा. शैक्षणिक कर्जाचं पत्रही आधीच काढून ठेवा. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी फी पाठवली तर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर) कापला जात नाही, हे बरेच पालक विसरतात.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचे निकष विद्यापीठ निवडायच्या आधी वाचावेत, प्रवेश मिळाल्यावर नव्हे. त्यात विद्यापीठाची जागतिक क्रमवारी पाहिली जाते. दीक्षाभूमीच्या या शहरात ही माहिती घरोघरी पोचायला हवी.

पसंतीक्रम आणि तारखा

स्वीडनचा अर्ज जानेवारीच्या मध्याला बंद होतो. पदव्युत्तर शिक्षणासाठी चार कोर्स पसंतीक्रमाने भरायचे, शुल्क ९०० क्रोना. वरच्या पसंतीला प्रवेश मिळाला की खालच्या पसंती आपोआप रद्द होतात. त्यामुळे 'सोपा' कोर्स वर टाकू नका. इंग्रजीची आयईएल्टीएस परीक्षा द्या ती अ‍ॅकॅडेमिक, जनरल नव्हे. निकाल दोन वर्षं चालतो. हिवाळी परीक्षेच्या गडबडीत ट्रान्स्क्रिप्टचा (विद्यापीठाच्या अधिकृत गुणपत्रकाचा) अर्ज राहून जातो, तो दसऱ्याच्या आतच टाका.

तिथे पोचल्यावर

स्वीडनमध्ये बरेचदा सगळे पेपर सेमिस्टरच्या शेवटी नसतात. एक कोर्स काही आठवडे चालतो, परीक्षा होते, मग दुसरा सुरू होतो. आपल्याला शेवटच्या पंधरवड्यात झडझडून अभ्यास करायची सवय, आणि तिथे पंधरवड्यात निम्मा कोर्स संपलेला असतो. बरंचसं काम गटात करायचं असतं. गप्प बसणाऱ्याला कोणी लाजाळू समजत नाही, त्याने वाचलंच नाही असं समजतात. प्राध्यापकांनाही नावाने हाक मारतात. मला पहिले दोन महिने तोंडातून नुसतं नाव निघेना.

उतारे मात्र संदर्भ दिल्याशिवाय कधीच उचलू नका. आपल्याकडे नोट्समधून जसंच्या तसं लिहिलं की गुण मिळतात. स्वीडनमध्ये त्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत निलंबन होऊ शकतं. नापास होणं त्या मानाने काहीच नाही. फेरपरीक्षा असते. निकाल लागला त्याच दिवशी कोर्सच्या समन्वयकांना मेल करा, कुठे कमी पडलो ते विचारा आणि फेरपरीक्षेच्या नोंदणीची शेवटची तारीख वहीत लिहून ठेवा.